आटपाडीत दगडी चाकूनं कापलेला केक

आक्काचा फोन आला तेव्हा मी कोरेगावात दाढी करत होतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आटपाडीला दिलेली. तिचा पोरगा सागर सैन्यात निवडला गेलाय, पोलीस पडताळणी तेवढी राहिलीय. त्यात रविवारी त्याचा वाढदिवस, आणि मित्रांनी तलवारीनं केक कापायचा घाट घातलेला.

"आरं, फोटू मोबाइलवर फिरला की गुन्हा, आन् गुन्हा झाला की नोकरी गेली! तूच कायतरी कर."

प्लास्टिकच्या सुरीनं इज्जत जाते, असं मित्रांचं म्हणणं. आदिमानवाचे व्हिडिओ बघून मी नुकताच शहाणा झालेलो. म्हटलं, "आक्का, दगडाचा चाकू करून आणतो. तलवारीपेक्षा जुनं हत्यार. पोरं गप बसतील." तिनं फोन ठेवला नाही, याचा अर्थ ती खरंच अडचणीत होती.

शनिवारी सकाळी मोटारसायकल काढली. पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, दिघंची असा रस्ता. रस्ता बरा आहे, पण दहिवडीनंतर सावली विसरा. पाणी सोबत घ्या. दहिवडीची मिसळ झणझणीत आणि स्वस्त. म्हसवडजवळ माणगंगेच्या कोरड्या पात्रात उतरलो आणि गारगोट्या शोधू लागलो. मेंढरं घेऊन निघालेले एक आजोबा थांबले.

"काय हरावलं?"

"धारदार दगड शोधतोय. चाकू करायचाय."

"आवं, बाजारात मिळतुय की!"

केक कापायला, असं सांगितलं. ते मेंढरांकडं वळून म्हणाले, "चला गं बायांनो, हितं थांबाय नगं."

पद्धत सोपी वाटते. एक गोल दगड हातोड्यासारखा धरायचा आणि गारगोटीच्या कडेवर तिरका ठोका द्यायचा. कपची उडते. माझी पहिली कपची कपाळावर उडाली, म्हणून सांगतो, गॉगल घालाच. दुपारपर्यंत अंगठा सुजला आणि बोटभर लांबीचं एक पातं हाती लागलं. कागद कापला! मी एकटाच नदीत नाचलो. पुढं बांधावरची बाभळीची काठी चिरून त्यात पातं बसवलं, बाभळीचाच डिंक भरला आणि वर घायपाताचा दोर आवळला. डिंक चार-पाच दिवस वाळू द्यावा लागतो. माझ्याकडं एकच रात्र होती.

रात्री आटपाडीला पोचलो. आक्कानं बाजरीची भाकरी आणि मटण वाढलं. चाकू बघून सागरचे मित्र आधी हसले, मग प्रत्येकानं हातात घेऊन फोटो काढले. "मामा, लय भारी! तलवार क्यान्सल!" आक्काचा चेहरा खुलला. मी मिशीला पीळ दिला.

रविवारी संध्याकाळी मेणबत्त्या पेटल्या आणि दारात हवालदार. तलवारीची खबर त्यांच्यापर्यंत पोचलेली.

"तलवार कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी चाकू पुढं केला.

"आन् ह्ये काय?"

"चाकू. दगडाचा."

हवालदार विचारात पडले. "दगूड लिवला तर दगडफेक वाटंल. चाकू लिवला तर सायेब इचारतील, कापतुय का? काप रं पोरा, बघू."

आक्कानं माझा दंड असा धरला की नखं रुतली. आदल्या दिवशी धारेसाठी जीव टाकलेला मी आता मनात म्हणत होतो, देवा, कापू देऊ नको. सागरनं चाकू केकात खुपसला आणि ओढला. डिंक ओला! पातं केकात राहिलं, हातात नुसती काठी.

"काठी हाय ही," हवालदार म्हणाले. "काठीवर काय गुन्हा न्हाई."

मित्रांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी घाईघाईनं पहिला तुकडा त्यांनाच भरवला. कट्! हवालदारांनी तोंडातून पातं काढलं, न्याहाळलं आणि ताटलीच्या कडेला ठेवलं.

"मावशी," ते आक्काला म्हणाले, "तांदळावानी केकबी निवडून घेत जावा."

सोमवारी मी परत आलो. दगडी चाकू करावाच का? करा, मजा येते. फक्त केकासाठी करू नका. अंगठा आठवडाभर दुखला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच पोराची नोकरी वाचवली म्हणून सांगत होतो, लाजबिज सोडून.

महिन्यानं आक्काचा फोन. पडताळणी झाली, सागर ट्रेनिंगच्या गाडीत बसला, त्याला सोडून ती आत्ताच रिकाम्या घरी आली होती. मी म्हटलं, "मग? मामानं काम केलं का न्हाई?"

ती म्हणाली, "केलंस रं बाबा. पर आता वाटतंय, कापू द्याया पायजे हुता तलवारीनंच."