एक पडदा कवितेला, एक पोरांना

गेल्या शनिवारी एसटीनं बारामतीला गेलो आणि येताना मांडीवर एक जुना मॉनिटर घेऊन इंदापूरला परतलो... शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "टीव्ही का हो आबा?" मी नुसती मान हलवली. खरं कारण सांगत बसलो असतो तर इंदापूर आलं असतं.

कारण असं की, दर रविवारी सकाळी मी दहा-बारा मुलांना ऑनलाइन जमवतो आणि शाळेतल्या जुन्या कविता चालीवर म्हणून घेतो. निवृत्त मराठी मास्तर दुसरं काय करणार... अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा तो आवाज अजून कानात आहे. दुपारच्या उन्हात कौलांखाली तो घुमायचा आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे गुरुजी दार लावून घ्यायचे.

पण कॉम्प्युटरवर एक पंचाईत होती. कविता दाखवायला घेतली की ती सगळा पडदा व्यापायची आणि मुलांचे चेहरे कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे व्हायचे. शाळेत फळा पाठीशी आणि पोरं समोर... इथं फळा समोर आला आणि पोरं हरवली.

त्यातच बुधवारी डाळज गावाहून फोन आला. तिथली सानिका माझ्या वर्गात आहे, सहावीतली, आईच्या मोबाइलवरून येते. माइक कायम बंद. नाव घेऊन विचारलं तरी आवाज नाही.

तिची आई भाजीपाला करते. म्हणाली, "सर, पोरगी तुमच्या वर्गात तोंडच उघडंना. तिला गोडी न्हाय वाटतं. रविवारी सकाळी मलाबी व्यापाऱ्यांशी बोलायला मोबाइल लागतो... येवढा एक रविवार बघते, मग बंद करते."

मी बरं म्हणालो. पण मन लागेना... मुलगी खरंच कंटाळली असेल तर तिला अडवू नये. पण कंटाळली की नाही हे चेहऱ्यावरून कळतं, आणि तिचा चेहरा मला धड दिसलाच कुठं होता?

म्हणून ही बारामतीची फेरी. तिथं रफिकभाईंचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यांनी मॉनिटर पुसून दिला, वायर दिली आणि बजावलं, "सर, तुमच्या मशीनला मागं दोन जागा हायत. एकीत पहिली वायर राहू द्या, दुसरीत ही लावा. आन् 'एक्स्टेंड' निवडा, म्हंजी दोन्हीकडं येगळं दिसंल. 'डुप्लिकेट' केलं तर दोन्हीकडं तेच दिसंल."

घरी आमच्या मंडळींनी स्वागत केलं, "एका पडद्यात भागंना व्हय तुमचं?" माहेर लोणी भापकरचं, टोमणा कधी चुकत नाही... पण टेबल पुसून तिनंच दिलं. उजव्या बाजूला तिची शिलाई मशीन, म्हणून नवा मॉनिटर डावीकडं ठेवला. वायर लावली, 'एक्स्टेंड' केलं, आणि दोन्ही पडदे उजळले!

आता माउसचा बाण काही डावीकडं जाईना. कडेला जाऊन थडकायचा, बस्स. वैतागून उजवीकडं ढकलला तर एकदम गायब... आणि बघतो तर डाव्या पडद्याच्या पार पलीकडच्या कडेला उभा! गावाच्या एका वेशीतून बाहेर पडायचं आणि दुसऱ्या वेशीतून घरी यायचं, असा प्रकार.

मंडळी म्हणाल्या, "त्याला उजवीकडं जायचंय ना? मग पडदाच उजवीकडं ठेवा. त्याच्याशी कशाला भांडताय!" पटलं. दोघांनी मिळून, धापा टाकत, शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओढली, मॉनिटर उजवीकडं मांडला... आणि बाण सुळकन पलीकडं गेला.

मोठ्या अभिमानानं रफिकभाईंना फोन केला. ते हसायलाच लागले. "अहो सर, सेटिंगमधी दोन चौकोन असत्यात, ते माउसनं इकडचं तिकडं ओढायचं. तुमी मशीनच ओढली व्हय!"

असो. रविवार उजाडला. उजव्या पडद्यावर कविता, डाव्या पडद्यावर मुलं... चांगली मोठी. कुणी जांभई देतंय, कुणाच्या दातात पेरूची बी अडकलीय. आणि खालच्या ओळीत सानिका, दोन घट्ट वेण्या, माइक बंद...

आणि तिचे ओठ हलत होते.

मी कवितेवर नजर टाकली, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. ती वाचत नव्हती. पुढची ओळ मी पडद्यावर आणायच्या आधीच ती तिच्या ओठांवर होती... पोरीला कविता पाठ होती!

नाव घेऊन हाक मारणार होतो, पण थांबलो. म्हटलं, "मुलांनो, आता गंमत. सगळ्यांनी माइक बंद करा, आवाज न करता नुसत्या ओठांनी कविता म्हणायची." आणि काय सांगू... घरात चिडीचूप, आणि समोर सगळी पोरं एका लयीत म्हणतायत. आवाजाशिवायही ती चाल मला ऐकू येत होती.

चेहरे बघता बघता माझं बोट माउसच्या चाकावर जरा जास्तच फिरलं असावं. त्या शांततेत एक बारीक, पण ठाम आवाज आला...

"सर, मधलं कडवं राहिलं की."

सानिका! स्वतःहून माइक सुरू करून! मी म्हणालो, "माझं चुकलं बाई. तूच म्हण ते." आणि तिनं म्हटलं... चालीवर, न अडखळता, शेवटपर्यंत.

मागून तिच्या आईचा आवाज आला, "बोलली गं बाय माझी!" मग आई स्वतःच पडद्यावर डोकावली. "सर, इथनं पुढं रविवारी व्यापारी थांबत्याल जरा."

काही पोरं कविता आधी ओठांनीच म्हणतात, आवाज सावकाश मागून येतो. तो येईपर्यंत समोर बसून बघता आलं... या वयात मास्तराला आणखी काय हवं!