आखाजीतला दुसरा खेळ

जुन्या साहसपटांचं नाव निघालं की माझ्या वयाची माणसं विरघळतात. काय ती करमणूक, डोक्याला ताप नाही! खजिन्याचा नकाशा, दोरीचा पूल, मगरींच्या तळ्यावरून झोके घेणारा नायक आणि अस्वलाला काका म्हणणारा त्याचा बावळट दोस्त. मी तिथून उठून जातो. लोकांना वाटतं, मास्तरला शिष्टपणा आला.

हे सिनेमे खरे माझ्या थोरल्या बहिणीचे. अमळनेरला नवा लागला की आईच्या मागे भुणभुण लावून ती पाहायचीच. मग कडब्याच्या गंजीवरून उड्या मारून दाखवायची. आबा, म्हणजे आमचे वडील, ओरडायचे, "पोर शे का माकड?" आणि हसायचेसुद्धा.

लग्न होऊन ती चाळीसगावकडच्या एका खेड्यात गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. आमच्याकडे या सणाचं कौतुक दिवाळीहून मोठं. दुसऱ्या वर्षी ती आली ती वाळून, मनगटावर भाजल्याचा डाग घेऊन. तव्याचा चटका, म्हणाली. आईने तूप लावलं आणि विषय मिटला.

दाजी न्यायला येणार त्या दुपारी तिने पिच्चरचा हट्ट धरला. तेव्हा मी कॉलेजला होतो. सोबत मीच गेलो. भर वैशाख, पत्र्याचं थेटर. नायक तुटक्या पुलाला लोंबकळला, शिट्ट्यांनी छप्पर दणाणलं, पण बहीण काही हसेना. खेळ सुटला तरी ती उठली नाही.

"भाऊ, आनखी एक डाव देखूत."

"अक्का, दाजी येतील ना घरी."

"म्हनीसनच."

मी पुन्हा तिकिटं काढली. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. दाजी ओट्यावर बसलेले. आबा शरमून म्हणाले, "पिच्चरनं याड शे तिले, पाव्हणा. मनवर लेवू नका." सगळे हसले. दाजीही हसले, म्हणून आबांना बरं वाटलं. जेवणं झाल्यावर मी आईला थेटरातलं सगळं सांगितलं. "गप ऱ्हाय," एवढंच ती म्हणाली.

सकाळी आईने ओटी भरली आणि आबांनी स्वतः जाऊन लेकीला दाजींबरोबर एसटीत बसवून दिलं. कंडक्टरला सांगून तिला खिडकीजवळची जागा मिळवून दिली. आबा वाईट माणूस नव्हते. असते तर मला त्यांचा सरळ राग तरी धरता आला असता.

पोळ्याच्या सुमारास सांगावा आला. विहिरीवर पाय घसरला म्हणे. रोज तिथूनच पाणी भरणाऱ्या बाईचा पाय! दाजी मोठ्याने रडत होते आणि चार माणसं त्यांनाच धरून बसली होती. कुणी काही विचारलं नाही. आम्हीही नाही.

दहावं करून आम्ही परत आलो. आबा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "एक डाव तरी सांगती ना ती माले."

आई त्यांच्यापुढे कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती दारातच उभी राहिली.

"सांगं व्हतं तिनी," ती म्हणाली. "दुसरा खेळले बठी ऱ्हायनी, ते काय पिच्चर देखाले?"