नाव घातलेला डबा

आमच्या टोळीचे किस्से घरातल्या कॅरीबॅगांसारखे झाले आहेत. एकीत दुसरी कोंबलेली, दुसरीत तिसरी. एक ओढायला जावं तर सगळ्याच बाहेर येतात. परवा ऑफिसात चहाच्या वेळी मी एक सांगायला घेतला, तर जेवणाची सुट्टी झाली तरी आम्ही तिथेच! तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

टोळी म्हणजे आम्ही पाच जण. मी, माझी मुलगी ऋचा, शंकर नगरच्या ऑफिसातले माझे सहकारी पराते, त्यांची बायको शोभा आणि इथल्याच, रायपूरच्या बूढापाऱ्यात राहणारा माझा मोठा भाऊ, दादा. खेळ म्हणजे जिओकॅशिंग. कोणीतरी एक डबी कुठेतरी लपवतं आणि तिचा ठावठिकाणा ॲपवर टाकतं. आपण मोबाईल हातात धरून ती हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, आतली एखादी किरकोळ वस्तू घेतली तर आपली एक ठेवायची आणि डबी होती तिथेच ठेवून घरी यायचं. बक्षीस वगैरे काही नाही. हे खूळ ऋचाने बंगलोरच्या ट्रेनिंगहून आणलं.

खरं सांगायचं तर मला त्या डब्यांचं काही पडलं नव्हतं. मला दादाला घराबाहेर काढायचं होतं. मंदावहिनी गेल्यापासून रेल्वेतून रिटायर झालेला हा माणूस उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. स्वयंपाकघरात तर पाऊलही टाकत नव्हता. गॅस बंद. जेवण समता कॉलनीतल्या माझ्या घरून डब्यातून, चहासुद्धा माझ्या थर्मासमधून. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना. आता चालवा म्हणजे, तो काय स्कूटर आहे?

*

पहिल्या रविवारी आम्ही परात्यांच्या गाडीतून दादाला घ्यायला गेलो. ऋचाने लाडीगोडी लावली, शोभाने आग्रह केला. दादा ढिम्म. "मले नाही येत कुठं. दुसऱ्याच्या डब्यात हात घालत फिरू काय या वयात?" असं म्हणून तो आत वळला.

बूढापाऱ्याची गल्ली ती. परात्यांची गाडी दारात उभी म्हणजे रस्ता बंद. मागे एक स्कूटर आली, मग दुसरी, मग भाजीचा ठेला, मग गॅस सिलेंडरची गाडी. हॉर्नवर हॉर्न! पराते मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून निवांत बसले होते. शेवटी एक स्कूटरवाला तणतणत पुढे आला. पराते त्याला फार नम्रपणे म्हणाले, "भैया, मैं तो अभी निकल जाऊँ. वो अंकल ही नहीं बैठ रहे."

मग काय, अख्खी गल्ली दादाच्या मागे लागली! दादा घरातल्या चपला घालून, हातात सकाळचा पेपर तसाच धरून गाडीत येऊन बसला. त्या स्कूटरवाल्याचं नावही मला माहीत नाही, पण देव त्याचं भलं करो.

*

पहिली डबी बूढा तालाबाच्या काठावरची होती. मोबाईल एका बाकड्यापाशी नेऊन थांबला. बाकड्यावर एक आजोबा डोळे मिटून प्राणायाम करत होते. डबी नेमकी त्यांच्या खाली!

दादा बाजूला उभा होता, आम्ही चौघं बाकड्याभोवती घिरट्या घालत होतो. आजोबांनी एक डोळा उघडून विचारलं, क्या खो गया? आता खेळ कोण समजावणार? परात्यांनी ठोकून दिलं, गाडी की चाबी.

तिथेच चुकलं. रायपूरच्या माणसाला तुमची वस्तू हरवली म्हटलं की त्याला स्वस्थ बसवत नाही. आजोबा उठले, त्यांचा वॉकिंग ग्रुप आला, हसण्याच्या क्लबातल्या बायका हसणं सोडून आल्या. सगळे वाकून गवतात चाबी शोधायला लागले. इकडे दादा रिकाम्या झालेल्या बाकड्यावर दमून बसला, त्याने सहज हात खाली घातला आणि डबी त्याच्या हातात आली. त्याने कोणाला न सांगता कागदावर नाव लिहिलं आणि डबी परत चिकटवून ठेवली.

तेवढ्यात झुडपातून एक बाई आनंदाने ओरडल्या, मिल गई! आणि त्यांनी खरंच एक चाबी परात्यांच्या हातात दिली. कोणाची, देव जाणे. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? ती चाबी अजून परात्यांच्या घरी खिळ्याला टांगलेली आहे.

*

मग आम्ही शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीकडे वळलो. तिकडचे रस्ते असे रुंद आणि रिकामे की चार माणसं झुडपात शिरली तर दोन चौकांवरूनही दिसावीत. दिसलोच. एक गार्ड सायकलवरून आला आणि काय चाललंय म्हणून दरडावायला लागला.

ऋचा मोबाईल दाखवायला गेली, पराते पुन्हा चाबी म्हणणार होते, इतक्यात दादा पुढे झाला. त्याने हिंदीत सगळं पहिल्यापासून सांगितलं. उपग्रह काय करतो, ॲप काय दाखवतं, डबी का लपवतात, कागदावर नाव का लिहायचं. मी नुसती बघत राहिले. इतक्या महिन्यांत दादा इतकं सलग बोललाच नव्हता. हव-नाहीच्या पुढे जात नव्हता तो.

गार्डने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणजे डबा शोधायचा, नाव लिहायचं आणि परत तिथंच ठेवायचा, एवढंच ना? दादा म्हणाला, हव. गार्डने जरा विचार केला आणि गंभीर चेहऱ्याने छत्तीसगढीत विचारलं, "त एखर तनखा कोन देथे?" म्हणजे, याचा पगार कोण देतं?

दादा हसला. मोठ्याने हसला. मी तोंड फिरवून डोळे पुसले, कारण ते हसू मी विसरायलाच लागले होते.

*

आता शोभाचं. ही बाई मूळची यवतमाळची. दुसऱ्याचा डबा हातातून रिकामा जाऊ द्यायचा नाही, हे तिच्या रक्तात आहे. शेजारणीची वाटी परत करताना काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालेल.

एकदा ऋचाने एका डबीतली कीचेन घेतली आणि बदल्यात ठेवायला कोणाकडे काहीच नव्हतं. शोभा म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी पाहतो. आम्ही गाडीत बसलो, ती मागून आली, विषय संपला.

आठवड्याने ॲपवर डबीच्या मालकाचा निरोप आला. कोण होता कुणास ठाऊक, आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. निरोप हिंदीत होता: कृपया डिब्बे में खाने की चीज़ न रखें, चींटियाँ आती हैं. आणि खाली दुसऱ्या ओळीत: तिल के लड्डू बहुत अच्छे थे.

*

आणि मग एक दिवस दादाचा फोन. त्याला स्वतःची डबी लपवायची होती!

आम्ही धावत गेलो. त्याने टेबलावर एक डबा काढून ठेवला होता. मंदावहिनींचा पुरणपोळीचा स्टीलचा डबा. झाकणावर कोरलेलं: सौ. मंदा, बूढापारा. मराठी मंडळाच्या जेवणावळीत डबे अदलाबदल व्हायचे म्हणून वहिनींनी सगळ्या भांड्यांवर नाव घालून घेतलं होतं, पाऱ्यासकट, म्हणजे मोहल्ल्यासकट. आत वही, पेन्सिल आणि वहिनींनी जमवलेली रंगीत बटणं. येणाऱ्याने एक घ्यावं. वर हिंदीत चिठ्ठी, की हा खेळ आहे, डबा इथेच ठेवावा.

तालाबाच्या काठावर, बाजारातून येताना वहिनी दम खायला जिथे टेकायच्या, तिथल्या दगडी भिंतीच्या खोबणीत त्याने तो ठेवला. पराते म्हणाले, दादा, स्टीलचा आहे, कोणी नेईल. दादा म्हणाला, नेला तर नेला. पण रोज सकाळी तो डबा पाहायला जायला लागला. कोणी न सांगता, चालत! मी मनातल्या मनात त्या डब्याला हात जोडले.

पावसाळा संपता संपता डबा गेला.

दादा त्या दिवशी घरी आला तो आतच बसला. फोन उचलेना, जेवण तसंच परत पाठवायला लागला. जे इतक्या कष्टाने बाहेर काढलं होतं ते पुन्हा आत गेलं. रविवारी आम्ही सगळे त्याच्याकडे जाऊन बसलो.

तेवढ्यात दार वाजलं. दारात एक बाई. साधं सुती पातळ, घामाघूम, हातात तो डबा.

मंदा दीदींचं घर हेच का, असं त्यांनी विचारलं. गल्लोगल्ली विचारत आल्या होत्या बिचाऱ्या. ऋचाने विचारलं, "आंटी, अंदर चिट्ठी थी ना?"

"पढ़ी बेटा. खेल-वेल ठीक है, पर नाम लिखा बर्तन कोई बाहर छोड़ता है? दीदी घर में ढूँढ रही होंगी." मग त्यांनी झाकण उघडलं. वही, पेन्सिल आणि बटणं एका पिशवीत बांधून कडेला ठेवलेली, आणि डबा ठेठरी-खुरमीने, म्हणजे इकडच्या खाऱ्या-गोड तळणाने, गच्च भरलेला. "खाली कैसे लाती? दीदी को बुला दीजिए."

शोभाने माझा हात घट्ट धरला. दादा उठून दारापर्यंत गेला.

"दीदी तो अब नहीं हैं," तो म्हणाला. "डब्बा मैंने रखा था."

त्या बाईंनी पदराने झाकण पुसलं, दोन्ही हातांनी डबा दादाच्या हातात दिला आणि जायला वळल्या.

"बैठिए," दादा म्हणाला. "चाय पीके जाइए."

मी थर्मास घ्यायला उठले, तर दादाने हातानेच मला बसवलं आणि तो स्वयंपाकघरात गेला. आम्ही सगळे ऐकत बसलो. आधी भांड्याचा आवाज, मग लायटरचा. पहिल्यांदा पेटला नाही. मग पेटला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी सकाळी दादाचा फोन आला.

"सुधा, लाडवाचं बेसन किती वेळ भाजाव लागते?"

मी सांगितलं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत. मग न राहवून विचारलं, "त्या बाईंकडे नेऊन राहिला का? कशात नेशील? माझा प्लास्टिकचा डबा आहे तिथं, तो ने."

"काहून?" दादा म्हणाला. "मंदाचाच नेतो. नाव आहे ना त्याच्यावर. येईल वापस."