पालथे पत्ते

आमच्या सणसरच्या घरी दिवाळी पाडव्याच्या दुपारी तीनपत्ती बसायची, चिंचोक्यांवर. त्या वर्षी मी मात्र ट्रॅक्टरच्या किल्लीसाठी बसले होते. कारखाना सुरू होणार होता आणि उसाची पहिली ट्रॉली भवानीनगरला मलाच न्यायची होती. ट्रॅक्टर मी भावाकडून रानात शिकले होते, बारामतीला जाऊन लायसन्सही काढलं होतं. पण माझे चुलते, तात्या, ऐकतील तर शपथ! "बाईमाणूस कारखान्याच्या रांगंत? लोकं काय म्हणत्याल?" एवढंच पालुपद. डोकं फिरायचं माझं.

पत्ते वाटले गेले तशी मी म्हणाले, "तात्या, हा डाव मी जिंकले तर किल्ली माझी. हरले तर परत ट्रॅक्टरचं नाव काढणार न्हाय."

तात्या खदखदून हसले. त्यांना माझं तोंड पाठ होतं. चांगले पत्ते आले की माझ्या नाकपुड्या फुगायच्या, वाईट आले की ओठ दुमडायचा. दर दिवाळीला ते त्यावरच मला लुटायचे.

म्हणून या खेपेला मी पत्ते उचललेच नाहीत. पालथेच ठेवले आणि ब्लाइंड म्हणून मूठभर चिंचोके टाकले. तात्यांनी सवयीनं आपले पत्ते बघितले, आणि तिथंच फसले. आमच्यात पत्ते बघणाऱ्याला दुप्पट टाकावे लागतात. वर समोरचा ब्लाइंड असेल तर त्याला शो मागता येत नाही. दुप्पट भरत राहायचं, नाहीतर पत्ते टाकायचे. चिंचोके संपले तरी हारच.

भाऊ आणि आत्या लगेच डावातून बाहेर पडले. मी एक मूठ टाकायची, तात्या दोन. त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलेना. पण माझ्या तोंडालाच काही माहीत नव्हतं, ते सांगणार काय?

"बघ की गं पत्ते," तात्या चिडून म्हणाले.

"मला न्हाय गरज."

खरं तर माझ्याकडं आता एकच मूठ उरली होती. तीसुद्धा मी बेधडक टाकली आणि चिंचोके संपलेले दिसू नयेत म्हणून रिकाम्या जागेवर पदर पसरून बसले. तात्यांनी अजून एकदा भरले असते तर मी संपलेच होते. त्यांनी मुठी भरल्या, थांबले, आणि पत्ते खाली टाकले.

भावानं दोघांचे पत्ते उलटले. तात्यांकडं राणी होती, बाकी फुटकळ. माझ्याकडं दुरी, पंजी, सत्ती. आत्या "अगं बया!" म्हणून ओरडलीच.

"तुला ठावं न्हवतं हातात काय हाय ते?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग एवढा दम कशाच्या जिवावर धरलास?"

"मला ट्रॉली न्यायचीच हुती, तात्या."

तात्या सगळे चिंचोके माझ्याकडं लोटत म्हणाले, "एवढा दम हुता तर मला इचारत कशाला बसलीस? किल्ली खुंटीलाच हुती की."