निशिकांतरावांनी निवडलेलं रील

निशिकांत राजवाडे मासे पकडतात हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी त्यांच्या बायकोला, अनघाला, दोनदा विचारलं, “कुठले निशिकांत?”

“माझेच गं,” ती म्हणाली. “दर शनिवारी पहाटे गळ घेऊन जातात. पकडलेला मासा परत पाण्यात सोडतात आणि घरी येऊन वरण-भात जेवतात. काय बोलायचं?”

या माणसाला आम्ही अकरा वर्षं ओळखत होतो. इथे सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचे सर्व्हर सांभाळणारे, क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये भाड्याने राहणारे, मराठी मंडळाच्या कार्यक्रमानंतर सगळे जेवायला पळाले की एकटेच माइकच्या वायरी गुंडाळत बसणारे. आणि हे जेट्टीवर!

त्याहून मोठा धक्का माझ्या मुलीने दिला. गार्गीला सतरावं लागणार होतं. वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणाली, “फिशिंग रील. गळाची दोरी गुंडाळायची चरखी.” दोन महिने ती सकाळी बेडोक रिझर्व्हॉयरच्या तलावाकाठी धावायला जाते, असं मी समजत होते. ती निशिकांतरावांबरोबर गळ टाकत होती.

“बुडलीस म्हणजे?” मी ओरडले.

“आई, काठावर उभं राहून कोण बुडतं? एनीहाऊ काहीही बोलू नको ला,” ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

हेमचंद्र, माझा नवरा, हसला. “महिन्याभरात उतरेल हे खूळ.” मी मात्र रात्रभर फोनवर मासेमारीचे अपघात शोधत बसले. शेवटी ठरवलं, ही जाणारच असेल तर निदान वस्तू तरी भक्कम हवी. निशिकांतरावांना फोन केला आणि शनिवारी आम्ही दुकानात गेलो.

तिथे मला वेगळाच माणूस दिसला. एकेक रील हातात घ्यायचे, डोळे मिटून कानाशी धरायचे, हँडल अगदी सावकाश फिरवायचे आणि परत ठेवायचे. असा पाऊण तास गेला.

“भावोजी, रील बघताय की जावई?” मी म्हटलं.

“जावई बरा हो वहिनी. त्याला गंज चढत नाही.”

गार्गीला एक सोनेरी रील आवडलं होतं. त्यावर बारा बेअरिंग असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. त्यांनी ते बाजूला सारलं. “बेअरिंग मोजून रील घेऊ नये. तलावाच्या गोड्या पाण्यात कुठलंही चालतं. समुद्राचं खारं पाणी सहा महिन्यांत आतून खातं. आत पाणी शिरू नये म्हणून सील आहे का, ते बघायचं. अंग धातूचं आहे का, हँडल डुगडुगतं का ते बघायचं. आणि ही चकती.” त्यांनी रीलच्या पुढची गोल चकती बोटाने फिरवली. “हा ड्रॅग. मोठा मासा ओढायला लागला की दोरी थोडी थोडी सुटत राहायला हवी. ही घट्ट आवळली तर दोरी सुटतच नाही. मग सगळा झटका माणसाला.”

शेवटी एक काळं, मध्यम आकाराचं, दिसायला अगदीच साधं रील घेतलं. दोन्ही पाण्यांना चालेल असं. निघताना त्यांनी धुण्याची पद्धत सांगितली: समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरायचं, धुताना चकती घट्ट, वाळताना सैल.

मी ऐकलं. म्हणजे, अर्धं ऐकलं.

पुढचे तीन महिने गार्गी एवढी खूश होती की माझी भीतीही जरा पातळ झाली. समुद्रावरून यायची ती रील बाथरूममध्ये टाकून झोपायची. माझ्या घरात वापरलेली वस्तू तशीच पडून राहत नाही. ती धुतली जाते, पुसली जाते, आणि तिचं झाकण घट्ट लावून जागेवर जाते. डबा असो, बरणी असो. शेवटी एका रविवारी मी रील धुतलं, पुसलं, चकती मनगटाचा जोर लावून आवळली आणि कपाटात ठेवलं. कौतुकाने ठेवलं.

पुढच्या शनिवारी समुद्रावरच्या बेडोक जेट्टीवर निशिकांतरावांना ऑफिसचा फोन आला. ते जरा बाजूला झाले, आणि तेवढ्यात गार्गीने गळ टाकला. काहीतरी प्रचंड लागलं. दोरी सुटेना. ती छातीने कठड्यावर आदळली, रॉड निसटू नये म्हणून तिने दोरीच मुठीत धरली. बारीक विणलेली दोरी तळव्यात शिरली. निशिकांतराव धावत आले, दोरी कापली, स्वतःच्या शर्टाने तिचा हात बांधला. नऊ टाके.

हॉस्पिटलमध्ये गार्गी पांढरीफटक पडून म्हणाली, “ड्रॅग फुल टाइट होता, आई. मी कधीच एवढा टाइट करत नाही. अंकलनी केला असेल.”

रविवारी चकती आवळणारं माझं मनगट मला आठवलं. आणि मी तिची उशी सारखी करत राहिले.

त्याच संध्याकाळी हेमचंद्रने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, “आपली मुलं कोणाच्या भरवशावर पाठवतो, याचा विचार करा.” नाव घातलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. खाली चाळीस-पन्नास जणांनी हात जोडले, कोणी “बेजबाबदारपणा” लिहिलं. निशिकांतरावांनी एवढंच लिहिलं, “बरोबर आहे. चूक माझी,” आणि ग्रुप सोडला.

मी हे सगळं वाचत होते, तरी चार दिवस गप्प राहिले. एक आई एवढी गप्प राहू शकते, याचाच मला धक्का बसला आहे.

आज संध्याकाळी क्वीन्सटाउनला गेले आणि दारातच सांगून टाकलं. निशिकांतरावांचा आवाज चढला.

“चार दिवस, वहिनी? चार दिवस मी झोपलो नाही. निवडताना काय चुकलं, कुठलं घ्यायला हवं होतं, हेच डोक्यात. कपाटातली माझी सगळी रीलं काल देऊन टाकली मी!”

“माझं चुकलं. मला माफ करा.”

“मला सांगून काय होणार? दीडशे घरांचा ग्रुप आहे तो. त्यांना सांगा.”

“सगळ्यांना फोन करते.”

“फोन नको. लिहा. आणि त्या दिवशी मी तिचं रील तपासलं नाही, ते दरवेळी तपासतो, तेही लिहा. उगाच मला देव करू नका.”

अनघाने पाणी आणलं होतं. ते त्यांनीही प्यायलं नाही आणि मीही नाही.

घरी येऊन हेमचंद्रला सांगितलं. तो म्हणाला, “लिही, पण तुझं नाव नको घालूस.” मी घालते आहे. रील उत्तम होतं आणि ते निशिकांत राजवाडे यांनी निवडलं होतं. चकती मी आवळली, मी, संजीवनी, गार्गीची आई.

गार्गी आत झोपली आहे, बँडेजचा हात उशीवर ठेवून. तिला अजून काही माहीत नाही. सकाळी हे लिहिलेलं आधी तिला वाचायला देईन. ती काय म्हणेल ते म्हणो. मग ग्रुपवर टाकेन.