मोठी कोय

तेजू गेली हे मला कुणी सांगितलंच नाही. शहाद्याच्या दवाखान्यात नर्सनं तिच्या चपला माझ्या हातात आणून दिल्या, तेव्हा कळलं. माझी थोरली, अकरा वर्षांची... साधा ताप म्हणून नेलेली. ब्राह्मणपुरीला घरी आले तर धाकटी गुड्डी दारातच उभी. तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माय, ताईन्या चपला आते मन्ह्या का?" जावेनं तिला ओढून आत नेलं.

त्या दोघी बहिणींचं कधी पटलंच नाही म्हणा ना. नवा फ्रॉक, एसटीतली खिडकी, माझ्या कुशीतली जागा, सगळ्यावरून भांडण. सगळ्यांत मोठं आंब्याच्या कोयीवरून. मी रस काढायला बसले की दोघी पातेल्याशी टपून, आणि मोठी कोय दरवेळी तेजूची, कारण ती थोरली. वर गुड्डीला दाखवून दाखवून चोखायची. द्वाड होती माझी पोर. गेली म्हणून तिची देवी करायची नाही मला.

पण घरानं केलीच. येणारा जाणारा फोटोपुढे बसून तिचे गुण गायचा. एकदा गुड्डी फोटोचा हार स्वतःच्या गळ्यात घालून बसली. पोरीला समजत नाही, लोक म्हणाले. मला मात्र समजलं, कारण मीही तशीच जळत होते. समोरच्या घरातल्या दोघी बहिणी एका सायकलवर शाळेला निघाल्या की मी खिडकी लावून घ्यायचे. त्यांच्या आईशी बोलणंच टाकलं. तिचा काय दोष? काही नाही. तरी पोटात दुखायचं.

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीया. आमच्याकडे या दिवशी गेलेल्यांसाठी घागर भरतात, पहिला रस त्यांना, मगच घरात आंबा. एवढ्या लहान पोरीची घागर भरावी की नाही, मी कुणाला विचारलं नाही. भरली. रसाची वाटी फोटोपुढे ठेवली, तशी गुड्डी किंचाळली, "मरनी तरी पहिली वाटी तिलेच?" जावेनं हात उगारला, तो मी धरला. "तिनासंगेच भांड ना मंग," एवढंच निघालं तोंडातून.

आणि ती खरंच भांडली. घागरीसमोर मांडी घालून, हातवारे करत. "तू समदं लई गयी. माय बी लई गयी. ती तुन्हा फोटोकडेच देखस, मन्हाकडे देखसच नही..." मी तिला जवळ ओढलं. तिनं हिसका देऊन हात सोडवला, पातेल्यातून दोन कोयी काढल्या आणि शेजारी शेजारी धरून मापल्या. "मोठी मन्ही. तू बारकी ले."

आता रस झाला की बारकी कोय फोटोपुढे जाते. मुंग्या लागतात, जाऊ कुरकुरते, मी उचलू देत नाही. हेवा अजून वाटतो मला, समोरच्या बाईचा कमी, गुड्डीचा जास्त. तिला तेजूशी अजून भांडता येतं. काल मी हळूच मोठी कोय फोटोपुढे सरकवली, तर हिनं लगेच डोळे वटारले. "माय! ती मन्ही शे!"

"तुन्हीच शे," मी म्हटलं, आणि फोटोकडे पाठ करून, गुड्डी चोखून चोखून ती कोय पांढरी करेपर्यंत तिच्याकडे बघत बसले.