उशिरा आलेलं गेट नंबर दोन

नागपूरच्या पाचपावलीत कोणी प्रणालीला विचारलं, "तू ऑफिसात करतेस तरी काय वं?" की तिच्याआधी तिचा बाप उत्तर द्यायचा, "आमच्या गाड्यायचं पेज बनवते!" ईश्वरदासचं घराणं विणकरांचं. माग त्याच्या बापाच्या हयातीतच विकला गेला आणि हा स्टेअरिंगवर बसला. हिंगण्याच्या एका कारखान्यातल्या बायकांना कंपनी बसने जरीपटक्याला आणून सोडायचं, निघताना दोनदा हॉर्न द्यायचा आणि शेवटची बाई चढेपर्यंत हलायचं नाही, ही त्याची ऐट. बायका त्याला भाऊ म्हणत आणि त्याच्या टकलावर त्याच्यादेखत विनोद करत. असा माणूस बायकांना टाकून पळतो, अशी बोंब उठल्यावर मोहल्ल्याला त्या दिवशी तोंडी लावायला दुसरं काही लागलं नाही.

झालं होतं असं. कारखान्यासमोरचा रस्ता खोदलेला. नागपुरात ही काही बातमी नव्हे. पण त्यापायी कोणती बस कोणत्या गेटवर लागेल, ते रोज बदलू लागलं. बसचे ठेकेदार गणपतराव यांनी प्रणालीच्या कंपनीकडून पेज करून घेतलं. मोबाइलवर स्टॉपचं नाव टाकलं की गेट नंबर हजर.

आणि जरीपटक्याच्या बायका मागे राहू लागल्या. एकदा नाही, तीनदा. त्या म्हणाल्या, पेजवर होतं त्याच गेटवर उभ्या होतो. गणपतरावांनी आपल्या ऑफिसात पेज उघडलं, तर गेट नंबर एक. ईश्वरदास म्हणे, "मी एक नंबरवरच हॉर्न देऊन देऊन थकलो ना साहेब! मागं गाड्या लागल्या, तं वॉचमननं हाकललं." गणपतरावांनी हिशेब केला: कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, इतक्या बाया खोटं बोलत नाहीत, मग उरला कोण? ईश्वरदासच्या हातून गाडी गेली आणि यार्डात बस धुवायचा पाइप आला.

घरी त्याने एकदाच विचारलं, "पोरी, तुह्या पेजवर बरोबर येत होतं ना वं?"

"हो बाबा, दहा वेळा तपासलं मी."

त्याने ताट सरकवलं. ताटातली पोळी तशीच राहिली. "बाया म्हन्तात, भाऊ बदलला," एवढंच बोलला आणि उठला. शनिवारी सुट्टी टाकून प्रणाली पहिली पाळी सुटायच्या वेळेला हिंगण्याला जाऊन उभी राहिली.

भोंगा वाजला. सगळा कारखाना एकदम बाहेर, सगळ्यांचे मोबाइल एकदम चालू, आणि नेटचा जीव मेटाकुटीला. बायकांच्या घोळक्यात फोन मात्र एकीच्याच हातात. ती मिनल, कळमेश्वरची. बाकीच्या तिच्या खांद्यावरून वाकलेल्या.

"माह्यं पाहून दे ना वं, मिनल!"

"थांबा ना बाप्पा, आधी माह्यं तं पाहू द्या!"

तिने कळमेश्वर टाकलं, उत्तर यायच्या आत पुसलं आणि जरीपटका टाकलं. गेट नंबर एक आला. बायका चष्मे सारखे करेपर्यंत आकडा टुणकन बदलला: गेट नंबर दोन. वरच्या रकान्यात जरीपटकाच. बायका निघाल्या दोनकडे. प्रणालीने ओरडून त्यांना एकवर पिटाळलं.

तिने पेज रिॲक्टिव्ह पद्धतीने लिहिलं होतं. नळाला पाणी आलं का म्हणून घडोघडी उठून न पाहता तोटी उघडी ठेवून खाली बादली लावायची, तशातली गत. रकान्यातलं नाव बदललं की प्रश्न आपोआप सर्व्हरकडे जातो, उत्तर आलं की पडदा आपोआप बदलतो. पण पहिल्यानंतर दुसरा प्रश्न गेला, तर पहिल्याच्या उत्तराचं काय करायचं? स्विचमॅप नावाची सोय जुन्या प्रश्नाचा नाद सोडून देते. मर्जमॅप नावाची सोय म्हणजे पानठेल्यावरची मंडळी; बातमी शिळी असो की ताजी, जी येईल ती लगेच जाहीर. प्रणालीने फोटो दाखवणाऱ्या जुन्या पेजातून मर्जमॅपवाला तुकडा उचलला होता. तिथे सगळीच उत्तरं हवी असायची. इथे मात्र कळमेश्वरचं दोन नंबरचं उत्तर रखडत मागून आलं आणि जरीपटक्याच्या एकवर जाऊन बसलं. ऑफिसातल्या भरधाव नेटवर उत्तरं रांगेत येत, चूक दिसायला फुरसतच नव्हती. आणि एका फोनवर आख्खी बस आपलं गेट पाहते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुरुस्ती एका शब्दाची, मर्जमॅपच्या जागी स्विचमॅप. ती झाली. तिच्या ऑफिसातल्या वरिष्ठ, श्वेता मॅडम, फोनवर म्हणाल्या, "छान. अपडेट म्हणून टाक. गणपतरावांना सांगायची काही गरज नाही. पुढचं काम हातचं जाईल, आणि मग तुझंही बघावं लागेल मला."

घरी आली तर ईश्वरदास दाढी करून बसलेला, चेहरा उजळलेला. "सोमवारपासून गाडी भेटून राहिली. माफी मागितली मी साहेबायची. म्हटलं, चुकलो."

"चुकले नव्हते तुम्ही, बाबा. मी चुकली." तिने सगळं सांगितलं.

त्याने गालावरून हात फिरवला. "मंग आता चूप राय. माह्यं झालं ना काम! तुही नोकरी काहून घालवतं?"

"आणि बाया?"

"बाया इसरतीन."

पण तो तिच्याकडे पाहत नव्हता.

सोमवारी पाळी सुटली तेव्हा प्रणाली एक नंबर गेटवर होती. गणपतरावही होते, ईश्वरदासवर नजर ठेवायला. सगळ्यांसमोर ती बोलली. "चूक माझ्या पेजची होती, बाबांची नाही." गणपतराव भडकले, "मग यानं माफी कशाची मागितली?" बायका खाली पाहू लागल्या. मिनलने बसच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "भाऊ, तुम्ही कबूल काहून झाले गा?" ईश्वरदासने समोरची काच फडक्याने पुसली. गणपतराव फोन कानाला लावून बाजूला गेले. थोड्या वेळाने प्रणालीच्या पर्समध्ये फोन थरथरला. मॅडमचं नाव. तिने उचलला नाही.

बायका चढल्या. आज टकलावर कोणी बोललं नाही. वॉचमन शिट्ट्या मारत होता, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, बस मात्र हलेना.

"चाला ना भाऊ, झाल्या सगळ्या!" आतून कोणीतरी म्हणालं.

ईश्वरदासने दोनदा हॉर्न दिला आणि दार उघडंच ठेवलं. प्रणाली अजून खालीच होती.